रविवारी लावलेलं खाचर

आत्याबाई, तुम्ही मला विसरला असाल. जिवंतपणी कालवणात मीठ घातलं की नाही हे तुमच्या ध्यानात राहायचं नाही, दोनदा घालायचा आणि वर मलाच विचारायचा, "सूनबाई, तुझा हात खारट हाय का गं?" तर मी तीच, तुमची सून. आता मीही आजी झाले. अक्षर अजून येत नाही, म्हणून नात लिहिते आहे. माझं बोलणं ती धुऊन-पुसून मांडते, मांडू दे.

मी लग्न होऊन रिह्याला आले तो पहिलाच पावसाळा. तुम्ही प्रभूला धरलंत म्हणून गावानं आपली सावड तोडलेली. आज मी तुझ्या खाचरात भात लावीन, उद्या तू माझ्या, असं सगळ्यांचं चालायचं; आपल्या बांधावर कोणी फिरकत नव्हतं. तुमचा मुलगा चिखल करून देऊन खडकीला कामावर गेला. राबात पेरलेलं रोप म्हातारं होत होतं, आणखी आठवडा गेला असता तर वर्षाचा भात गेला असता. तुम्ही मात्र रोज चुलीपुढे गुडघे टेकायचा, "बापा, हात धाड." भाकरी थापता थापता मी म्हटलं, "मागायचेच तर चिखलात उतरणारे मागा." तुम्ही नुसतं पाहिलंत. ते पाहणं मला अजून भाजतं.

रविवारी तुम्ही दोन कोस चालून उपासनेला गेलात. त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही, हे चारदा बजावून. तुमची पाठ वळली आणि मी रोपाच्या मुठी घेऊन उतरले. धुकं असं, की बांध दिसेना. दुपारी धुकं उठलं तेव्हा कळलं, मी शेजारणीचं खाचर लावत होते. रोप आपलं, चिखल तिचा. बांधावर बसून रडले. म्हटलं, रविवारचा शब्बाथ मोडल्याची शिक्षा ती हीच.

सोमवारी उजाडताच शेजारीण आठ बायका घेऊन दारात उभी. "सावडीचा दिस अंगावर ठिवायची रीत न्हाई आमच्यात. तू आमचं लावलंस, आमी तुमचं लावतुया. रोपबी आमचंच आणलंय." लावणी उरकली. पुढच्या उपासनेत तुम्ही उभं राहून साक्ष दिलीत, की माझ्या सुनेनं वैऱ्याचं शेत आपल्या आधी लावलं. कोणत्या वारी, ते तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. मी मान खाली घातली, तर लोक त्यालाही नम्रता म्हणाले.

परवा ती शेजारीण ओसरीवर बसली होती. म्हणाली, "त्या दिशी धुक्यात तुझ्या बांगड्या वाजत हुत्या आमच्या खाचरात. वळखलं मी. मुद्दाम हाक दिली न्हाई. आमाला यायला कायतरी निमित्त पायजे हुतं." तुम्ही इकडे हात मागत होता, तेव्हा पलीकडे ती निमित्त मागत होती. कोणाकडे, ते मी विचारलं नाही.

तर आत्याबाई, मी ते शेत प्रेमानं लावलं नाही. चुकून लावलं, तेही रविवारी. विश्वास म्हणाल तर आजही कधी असतो, कधी नसतो. पण भाकरी थापताना तोंडातून 'बापा' निघतं. हा कागद कुठे धाडायचा ते नातीला ठाऊक नाही, मलाही नाही. तुमच्या बायबलात राहील. वर मोठी मेजवानी असते म्हणतात, त्यातलं मला काही नको. धाडायचंच झालं तर दोनदा मीठ पडलेलं तुमचं ते वालाचं कालवण धाडा, दोघींना पुरेल एवढं. आणि मऊ शिजवा. शेजारणीलाही आता दात नाहीत.