ओटीतला पोचट दाणा

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुझ्यापेक्षा दुप्पट म्हातारी आहे. तेव्हा आधी तूच माझ्या पाया पड. मी सांगते, नात लिहिते. अक्षर तिचं, चुका माझ्या.

परभणीचा सरकारी मळा आठवतो? निजामाचं राज्य गेलं आणि थोड्याच सालांत तिथं गव्हाच्या ओळी उभ्या राहिल्या. तू चिमट्यानं ओंबीतले कोवळे केसर उपटतेस, दुसऱ्या गव्हाचा पराग वर झटकतेस, कागदाची पिशवी चढवतेस. बांधावरून शेजारीण ओरडते, "काय गं, गव्हाची लग्नं लावायलीस व्हय?" तू मान वर न करता म्हणतेस, "लावायले की. वऱ्हाडी जेवाय मागत न्हाईत, लय बरं हाय." त्या लग्नात बाप गहू बाहेरून आणलेला, टपोऱ्या दाण्याचा, आई आपली गावरान, अंगानं बारीक, पण एका पाण्यावर तग धरणारी. पहिली लेकरं सगळी दाण्यानं मधलीच निघाली, तेव्हा तुझं तोंड उतरलं. मळ्याचे साहेब म्हणाले, "बाई, धीर धरा. आजा-आजीचं रूप नातवंडांत उतरतं. अन् दाण्याचं वजन एका गुणानं येत नाही, बारीक बारीक वाटे जमावे लागतात." नातवंडांतलं एक झाड तू धरून ठेवलंस. पुढच्या साली त्याची अख्खी ओळ पेरली, आणि ओळीच्या टोकाला तू आपल्या लुगड्याच्या काठाचा लाल दोरा बांधलास. ती ओळ पिवळी व्हायच्या आत तापानं तू गेलीस.

सवाष्ण गेलीस म्हणून तुझी ओटी भरली. गहू मी निवडले, हळद-कुंकू मीच लावलं. ओटीत पोचट दाणा जाऊ नये, हे तूच शिकवलेलं. तरी एक गेला. नजरचुकीनं गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. तो तुझ्याबरोबर जळाला.

तेरावा झाला आणि मी मळ्यात तुझ्या जागी बसले. गहू कापून-झोडून आले, त्यातली एक भर दुपार, पुढ्यात परात. प्रत्येक ओळीचे हजार दाणे मोजायचे, हाताला येतील तसे, निवडायचे नाहीत. वजन साडेतीन तोळ्यांच्या खाली भरलं की ओळ बाद, दाणे जात्यात. लाल दोऱ्याचे गहू पुढ्यात आले. मुठीत घेतले तेव्हाच कळलं, हलके आहेत. तुझ्या हातचं दुसरं काही उरलं नव्हतं, माय. मी टपोरे टपोरेच उचलायला लागले. शंभराची पहिली ढिगी झाली, तर तिच्यात एक पोचट. बाजूला टाकला. दुसऱ्या ढिगीत पुन्हा पोचट, वरच्या अंगाला. बोटांवर धरून उजेडात नेला. पोटाच्या चिरेत हळद होती.

दाराशी साहेबांच्या वहाणा वाजल्या. मी तो दाणा तोंडात टाकला आणि चावला. राखेची चव होती.

वजन भरलं. ओळ राहिली. पुढच्या साली पेरली, तर पुन्हा तशीच बारीक. साहेब म्हणाले, "टपोरा निवडला म्हणून त्याचं रक्त बदलत नाही. एकाच घरातला जरा पोटभर जेवलेला भाऊ तो, एवढंच." ओळ जात्यात गेली. मी केलं ते सगळं फुकट.

एक तेवढं फुकट गेलं नाही. त्या दुपारपासून मला तराजू लागत नाही. मूठ भरली की वजन ओठावर येतं, आणि आवाज माझा नसतो. बाया कौतुकानं म्हणायच्या, "मायचा हात आला गं हिला." मी हसायचे. अजूनही सुपात गहू घेतले की एक पोचट वर येऊन बसतोच. मी त्याला म्हणते, आलीस का, बस.

नात विचारते, हा कागद कुठं टाकायचा? म्हटलं, ठेव गव्हाच्या डब्यात, तळाशी. पण त्याआधी एवढं लिही: तो दाणा नजरचुकीनं गेला नव्हता, माय. मला दिसला होता. बाया घाई करत होत्या, आणि मला वाटलं, मेलेल्या माणसाला काय कळतंय.