प्लस पाचचा चष्मा

शहादा,
१० नोव्हेंबर १९६४

प्रिय चुनी,

परवा तू कापूस घेऊन जिनात आला होतास. स्टँडसमोरच्या टपरीवर चहा पिताना मी तुला दुकानातून पाहिलं. तू दोनदा माझ्या पाटीकडे बघितलंस आणि दोन्ही वेळा मी भिंगांच्या कपाटामागे सरकलो. बोर्डिंगात एका ताटात जेवलेला माणूस रस्त्यापलीकडे उभा, आणि मी आपल्याच दुकानात चोरासारखा लपलेला. खुर्चीवर एक म्हातारबा बसले होते, डोळ्यांवर तपासणीची चौकट चढवलेली. ते आपले विचारताहेत, "आते कोनतं अक्षर वाचू, भाऊ?" मी कपाटामागून हललो नाही. तू गाडीत बसून कोरीटला घरी गेलास आणि मग मी बाहेर आलो.

होळीनंतर आपण बोललेलो नाही. तुला वाटत असेल, शांतीला दुकानाचा माज चढला. माज होता रे, पण तो होळीच्या आधीचा. आता जे आहे त्याला लाज म्हणतात आणि ती घेऊन तुझ्यासमोर कसं यायचं ते मला कळत नव्हतं. म्हणून लिहितो आहे. मध्येच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. पत्रासोबतची पेटी मात्र आधी उघडू नकोस.

ब्राह्मणपुरीची रमिला माझ्याकडे पहिल्यांदा आली त्याला दोन वर्षं झाली. मी उत्तरेतून डोळे तपासायचा कोर्स करून नुकताच आलो होतो आणि डिप्लोमा भिंतीवर टांगून गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचो. तिची आई जसोदाबाई तिला पदराआड घालून घेऊन आली. पोर अकरावीला, हुशार, पण फळ्यावरचं दिसत नव्हतं म्हणून शेजारणीच्या वहीवरून उतरवून घ्यायची. तपासलं तर दोन्ही डोळ्यांना मायनस पाच. चुनी, मायनस पाच म्हणजे वीतभर अंतरापलीकडचं सगळं पुसलेलं. चष्मा तयार झाला त्या दिवशी मी तिला दुकानाच्या पायरीवर उभी केली आणि तिने उत्तरेकडे सातपुड्याकडे बघितलं. "माय वं! डोंगरवर झाडं शेतस!" असं ती ओरडली. इतकी वर्षं तिला डोंगर म्हणजे नुसता निळा डाग वाटत होता. मी तेव्हा हसलो, आणि मग आत जाऊन नाक शिंकरलं.

जाताना जसोदाबाईने हात जोडले. "कोनले सांगू नका दादा. पोर लगीननी शे." मी छातीवर हात ठेवून सांगितलं, की खुर्चीवर बसलेल्या माणसाची गोष्ट दुकानाबाहेर जात नाही. कोर्समध्ये आमच्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं आणि मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. पुढे ती दोनदा येऊन गेली, नंबर जिथल्या तिथे होता. घरात चष्मा लावायची, पाहुणे आले की काढायची. खेड्यात मुलीच्या नाकावर चष्मा म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको.

आणि मग यंदा होळीच्या तोंडावर तू आलास, म्हणालास, "शांती, पोर देखाले चाल मन्हासंगे." मला मुलीचं नाव माहीत नव्हतं. ब्राह्मणपुरी म्हटल्यावर रमिला आठवली, पण त्या गावात काय एकच मुलगी आहे, असं म्हणून मी तुमच्या घरच्या वडीलधाऱ्या उखाआबांशेजारी बैलांच्या दमणीत चढलो. ओसरीवर जसोदाबाईला बघितलं तेव्हाच काही निमित्त काढून उठायला हवं होतं. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मी मान खाली घातली. तिला वाटलं असेल, दादा शब्द पाळतील.

बाकीचं तुझ्या डोळ्यांसमोर घडलं, पण तुला ते जसं दिसलं तसं ते नव्हतं. रमिला आतून कपबशांचं ताट घेऊन आली, चष्म्याशिवाय. तो तिच्या आईने ज्वारीच्या कणगीत लपवला होता, हे मला मागाहून कळलं. घर तिच्या पायाखालचं होतं, उंबरा, पायरी, खांब सगळं तोंडपाठ. पण सकाळी कोणी तरी सरकीची गोणी दाराशी आणून टाकली होती, आणि ती गोणी तिच्या पाठांतरात नव्हती. मला तेवढंच दिसलं आणि मी ओरडलो, "धीरे रमिला, फुडे गोनी शे!" नाव घेऊन ओरडलो, चुनी, घरातल्या माणसासारखा. ती जागच्या जागी थांबली, कपबशा खुळखुळल्या, पण थेंब सांडला नाही. गोणीला वळसा घालून तिने सगळ्यांना चहा दिला. उखाआबांनी मात्र चहा घेताना तिच्याकडे बघितलं नाही. ते माझ्याकडे बघत होते.

इथवर मी स्वतःला माफ केलं असतं. पडणाऱ्याला हात देणं हा काही गुन्हा नाही. खरी लाज पुढच्या दोन कोसांची आहे. तू दमणीत मागे पाय सोडून बसला होतास, तुला अर्धंच ऐकू गेलं असेल. उखाआबा म्हणाले, "शांत्या, तू कसा वयखस तिले?" मला सांगता आलं असतं, की आबा, मुलीच्या घरी विचारा, मी सांगू शकत नाही. एवढंच वाक्य होतं. पण आठवतंय का, मी कोर्सला निघालो तेव्हा हेच उखाआबा कोरीटच्या सगळ्या पारासमोर हसले होते, "चष्मा इकाले दोन वरीस शिकनं पडस का?" आणि आज तेच माझ्या तोंडाकडे बघत होते. मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो. नंबर सांगितला. तेवढ्यावर थांबलो नाही. असा नंबर वाढत जातो म्हणालो, मुलाबाळांत उतरतो म्हणालो, डोळ्याच्या मागचा पडदा फाटू शकतो म्हणालो. त्यांनी विचारलं, "मंग आंधयी व्हई जाई का ती?" मी मोठ्या डॉक्टरसारखी मान हलवली आणि म्हणालो, सांगता येत नाही. हे सगळं मी कुठल्या तरी पुस्तकात एकदा वाचलं होतं आणि ते कुणाला लागू पडतं, कुणाला नाही, ते मला धड ठाऊक नव्हतं. दमणी हाकणाऱ्या रामसिंगलाही कान होतेच. त्याच्या तोंडात तीळ भिजला नाही, पण त्याला मी कुठल्या तोंडाने बोलू?

तुमच्या घरून निरोप गेला, की पत्रिका जुळत नाही. ब्राह्मणपुरीत तोवर सगळ्यांना कळलं होतं, की पोरगी आंधळी होणार, शहाद्याच्या चष्मेवाल्यानेच सांगितलंय. त्यानंतर त्या घरी बघायला कुणी आलेलं नाही. वैशाखात जसोदाबाई दुकानात आली, चष्मा काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "आते हाई तुम्हीच ठेवा." मग जाता जाता थांबली. "दादा, लोकसले एवढं सांगा, पोरना नंबर उतरी गया." मी खोटं बोलावं एवढंच तिचं मागणं होतं आणि चुनी, ज्याला खरं सांभाळता आलं नाही तो आता कुठल्या तोंडाने म्हणणार, की मी खोटं बोलत नाही? मी फक्त चष्मा उचलून घेतला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, एवढं मात्र बघितलं.

गेल्या महिन्यात धुळ्याला आम्हा चष्मेवाल्यांसाठी शिकवणीचं शिबिर होतं. डिप्लोमा टांगल्यापासून मी पुस्तक उघडलं नव्हतं, पण यावेळी गेलो आणि चार दिवस पहिल्या ओळीत बसलो. शेवटी तिथल्या डॉक्टरांना गाठून एका मुलीचं म्हणून विचारलं, नाव-गाव न सांगता. ते म्हणाले, नंबर दोन वर्षं जागेवर आहे ना? मग घाबरायचं कशाला? चष्मा लावायचा, वर्षातून एकदा तपासून घ्यायचं, डोळ्यापुढे विजा चमकल्या तर लगेच यायचं, बस. अशा नंबरची माणसं शिकवतात, संसार करतात, नातवंडांना गोष्टी वाचून दाखवतात. मग त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, आंधळी होणार असं कुठल्या गाढवाने सांगितलं तिला? मी म्हणालो, होता कोणीतरी चष्मेवाला. म्हणजे तिथेही मी कपाटामागे लपलो.

परत येताना शहाद्याला उतरलो नाही, तसाच ब्राह्मणपुरीला गेलो. जसोदाबाईने आत ये म्हटलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. रमिला चष्म्याशिवाय घरातल्या घरात वावरते. बाहेर पडली की लोक तिची चाल न्याहाळतात, आंधळी कशी चालते ते बघायला, म्हणून तिने बाहेर पडणंच सोडलंय. मी ओसरीवर उभ्यानेच दमणीतलं सगळं सांगितलं, माझ्या माजासकट. नवी काडी बसवून सोबत नेलेला तिचा चष्मा ठेवला. ती ऐकत होती, पण मला बघत नव्हती. तिला मी दिसतच नव्हतो. माझा चेहरा तिला दिसत नाही याचं मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाज वाटली. जसोदाबाईला म्हटलं, गावात विचारणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतः सांगेन, की ती आंधळी होणार नाही, मी न कळता बोललो होतो. पारावर जाऊन ते सांगूनही आलो. दोघे हसले. हसू देत.

आता पेटी उघड. तिच्यातला चष्मा प्लस पाचचा आहे आणि तो तुझ्या धडधाकट डोळ्यांवर चढवलास, की लांबचं जग तुला तसंच दिसेल जसं रमिलाला चष्म्याशिवाय दिसतं. तो लाव. ताटात सात कपबशा घे, चहाने भरलेल्या, आणि स्वयंपाकघरातून तुमच्या ओसरीवर ये. तिथे तुझी किंमत करायला चार अनोळखी माणसं बसलेली आहेत असं समज. त्या दिवशी दमणीतून उतरून एस.टी.त चढताना तू एकच वाक्य बोलला होतास, "पोर चांगली व्हती, पन तिनी मन्हाकडे देखंच नही." चुनी, तिला तू दिसलाच नव्हतास. तुळशीचं लग्न झालं, की उखाआबा तुझ्यासाठी तळोद्याकडे दुसरी मुलगी बघणार आहेत असं ऐकलं, म्हणून हे पत्र आजच टाकतोय. तुझा निर्णय तुझा, मी त्यात पडणार नाही, यापूर्वी पडलो तेवढं पुष्कळ झालं. फक्त जे मी चुकीचं सांगितलं ते माझ्याच हाताने पुसायचं होतं. आणि यातलं एक अक्षरही मी रमिलाला न विचारता लिहिलेलं नाही. या वेळी आधी विचारलं. मग तिने माझ्यादेखत चष्मा लावला, मला नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "लिखा. पन त्यासले सांगा, दया कराले येऊ नका. येवानं व्हई तं या. मी बी देखसू, मंग सांगसू."

अजून म्हणू देशील तर,
तुझाच,
शांतीलाल