जीपच्या जागेत आईंची खोली

चि. मनोजभाऊजींस माधुरीवहिनीचे आशीर्वाद. आसनगावात सगळे ठीक असाल. नम्रताचा खोकला थांबला का? फोन केला की तुम्ही गाडीत असता नाहीतर मीटिंगमध्ये, म्हणून हे पत्र. (याला रेंज लागत नाही.)

तुमच्या आईंना आता ओट्याच्या पायऱ्या चढवत नाहीत. जीप विकल्यापासून गॅरेज रिकामंच होतं, आणि ते जमिनीलगत, तेव्हा तिथेच त्यांची खोली करायचं ठरवलं. मला वाटलं, शटर काढायचं, दार बसवायचं, खाट टाकायची, झालं. पण कागदावर ते गॅरेज आहे आणि गॅरेजात माणसाने राहायचं नसतं, असं ग्रामसेवकांनी सांगितलं. (आपल्या गोठ्यात बाळंतिणी राहिल्या, पण गोठा कुठल्या कागदावर नव्हता.)

परवानगी येईपर्यंत गॅरेज हे गॅरेजच राहू द्या, या त्यांच्या बोलण्याचा तुमच्या भावाने फारच धसका घेतला. पंचायतीचे साहेब पाहणीला यायचे होते, त्या दिवशी यांनी जगनचा टेम्पो मागून आणला आणि आत उभा केला. आईंची खाट मात्र आधीच आत गेली होती आणि ती हलवायला त्या तयार नव्हत्या. साहेब आले तेव्हा टेम्पो खाटेला टेकलेला आणि खाटेवर आई. हे म्हणाले, गॅरेजच आहे साहेब. आई म्हणाल्या, "बस रे बाला, चा घे. ही माझी खोली हाय. गाडी आजची पावनी." साहेबांनी चहा घेतला, पण नियम काही सोडला नाही. राहत्या खोलीला खिडकी पाहिजेच.

आता एका बाजूला आपलं घर, मागे डोंगराची दरड, पुढे दारापुरतीच जागा. राहिली तुमच्या अंगणाकडची भिंत. तिथे खिडकी पाडायची तर शेजारी म्हणून तुमची लेखी ना-हरकत हवी. आधी मला हसू आलं. आईच्या खिडकीला मुलगा कसली हरकत घेणार? मग विचार करत बसले आणि वाईट वाटलं. त्या खिडकीतून आईंना दिसणार काय, तर तुमचं बंद घर. भिंत आहे तोवर निदान ते दिवसभर डोळ्यांसमोर तरी नाही.

बाकी सर्व क्षेम.

तुमची,
माधुरीवहिनी

ता. क. ना-हरकतीचा कागद सोबत आहे. सही करून पाठवा.

ता. क. दुसरा. पाठवू नका. पत्र आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, "कुलपाकडं बघाय मला खिडकी नको. तो येऊन, आपल्या घराचं दार उघडून सही करील, तर भिंत फोडा. नाय तर माझं आंधारात बरं हाय."