नववं प्रकरण कुणी पुसलं?

ता. ४

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (तूर्त रीतीपुरतेच.)

आईच्या आठवणींचं पुस्तक छापायला पाठवायला घेतलं, तर नववं प्रकरण गेलं. आज दुपारी नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने तासभर बसून तशी खात्री करून सांगितलं. फाईल जागेवर आहे, नावही तेच, पण आत मराठीचं एक अक्षर नाही. नुसते कंस, टिंबं आणि फुटकी इंग्रजी अक्षरं. पहिली आठ प्रकरणं मात्र ठणठणीत उघडतात. विंडोज पुसून लिनक्स कुणी टाकलं, असं त्याने विचारलं. माझ्या भावाने, म्हटल्यावर तो नुसता हुंकारला. त्या हुंकारात बरंच काही होतं.

हे पत्र मुद्दाम हाताने लिहिते आहे. त्या मशीनवर लिहिलं, तर तू तिकडे बसून आधीच वाचशील. गेल्या महिन्यात माझा प्रिंटर तू तिथूनच चालू केलास ना? तेव्हा मी कौतुक केलं. आता पडद्यावर टॉवेल टाकून ठेवला आहे.

मशीन म्हातारं झालं, विंडोजची अपडेटं त्याला झेपत नाहीत, म्हणून तू मागे लागलास. मला आईपाशी बसवलंस आणि तीन तास दार लावून घेतलंस. आता जरा कशाला हात लावला की ते लिनक्स पासवर्ड मागतं. माझ्याच घरात मी कोण, कुठली, हे रोज सांगायचं! तेही चालवून घेतलं असतं. पण आठ प्रकरणं आईने सांगितली आणि मी टाइप केली. नववं तिने मला खोलीबाहेर घालवून स्वतः केलं, आणि छापायला जाईपर्यंत वाचायचं नाही अशी शपथ घातली. ते कशाबद्दल असणार? तू डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला दोनदा आपटलास, आणि आपण जगाला सांगितलं की पोराला कॉम्प्युटरचीच आवड. तुझ्या सासरी अजून तेच ठाऊक आहे.

आई आता मला कधी कधी तिच्या वॉर्डातली नर्स समजते. ते प्रकरण ती पुन्हा लिहिणार नाही, सांगणारही नाही. तेव्हा खरं काय ते कळव. लोभ आहे, वाढवायचा की आटवायचा, ते तुझ्या उत्तरावर.

ताई


ता. ९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बायकोनेच फोडलं. माझ्या आपटण्याचं तिला लग्नाआधीपासून माहीत आहे म्हणे, आईनेच सांगितलं होतं. इतकी वर्षं मी उगाच चोरासारखा वागलो.

मी प्रकरण पुसलेलं नाही, पण चूक माझीच आहे. आई इस्पितळात नोकरीची शेवटची दहा वर्षं ड्यूटीचे तक्ते एका मराठी फाँटमध्ये, म्हणजे अक्षरवळणात, टाइप करायची. त्याच जुन्या फाँटमध्ये तिने नववं प्रकरण केलं. त्या फाँटमध्ये फाईलच्या आत साठतात इंग्रजी खुणाच. त्यांना मराठी रूप देतो तो फाँट. मी तुझी सगळी कागदपत्रं जपली, एक प्रत माझ्याकडेही ठेवली, पण फाँट विंडोजबरोबर पुसला गेला. तू नव्या पद्धतीने टाइप करतेस, म्हणून तुझी आठ प्रकरणं शाबूत राहिली. दुरुस्तीवाल्याचा हुंकार मला मान्य आहे.

इस्पितळाच्या रेकॉर्डरूममधल्या बाईंकडे तो फाँट निघाला. आईचं नाव ऐकून त्यांनी अख्खं कपाट उपसलं. सोबतच्या पेनड्राइव्हवर तो आहे. त्यावर दोनदा क्लिक कर आणि ‘इन्स्टॉल’ दाब, बस्स. नीट चालतो का, हे बघायला मी माझ्याकडच्या प्रतीचं पहिलं पान उघडलं. अर्ध्यावर थांबलो. ते माझ्याबद्दल नाही, ताई. तुझ्याबद्दल आहे. वाचण्याआधी फोन करशील का? मी तीनदा केला, तू उचलला नाहीस.

आणि टॉवेल काढ. तू ‘हो’ दाबल्याशिवाय मला इथून काहीच दिसत नाही. राग आला तर माझ्यावर काढ, आईवर नको.

तुझा धाकटा


ता. १४

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अर्ध्या पानावर थांबणारा तू नव्हेस. माझी रोजनिशी कधी अर्धी सोडली होतीस? असो. फाँट मीच बसवला, कुणाला बोलावलं नाही. कंस आणि टिंबं गेली, आणि आई बोलायला लागली.

नकाशे काढण्याच्या नोकरीची परीक्षा मी दिली होती, तुला आठवत नसेल. नेमणुकीचं पत्र आलं होतं. टपाल आईच्या हातात पडलं, तिने ते गणवेशाच्या खिशात घातलं आणि मला सांगितलं, अजून काही आलं नाही. बाबा अंथरुणाला खिळलेले, तिच्या रात्रपाळ्या, तू सहावीत. दुसरा इलाज नव्हता, असं तिने लिहिलंय. आणि पुढच्याच ओळीत लिहिलंय, इलाज होता, थोरलीला विचारायला हवं होतं.

तीन वर्षं मी पोस्टमनवर संशय घेतला. मग परीक्षकांवर. आता या वयात तुझ्यावर आणि एका मशीनवर. जिला रोज चमच्याने भरवते, तिच्यावर एकदाही घेतला नाही.

प्रकरण छापायला जाईल, काना-मात्रा न बदलता. पण आधी ते मी तिला वाचून दाखवणार आहे, रविवारी सकाळी. सकाळी ती जरा भानावर असते. मी कोण हे तिला त्या वेळी आठवलं, तर ती रडेल. नाही आठवलं, तर थोरलीला हे कळू देऊ नका म्हणून माझाच हात धरून विनवेल. यातलं काय झालेलं बरं, ते मला ठरवता येत नाही. तू शनिवारीच ये. मी वाचताना अडखळले, तर पुढचं तुला वाचावं लागेल.

माया आहेच, ती काही मागावी लागत नाही.

ताई