क्लिप कोण हलवतंय?

६ मार्च

कुणीतरी माझ्या कीबोर्डला हात लावलाय. नक्की! पिवळ्या वायरची क्लिप मी पाखराच्या खुणेवर लावून गेले होते. आल्यावर बघते तर तळाच्या खुणेवर. वायरी काही चालत जात नाहीत.

७ मार्च

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं थाऱ्यावर येईल. भंगारवाल्याकडून आणलेला हा जुना, खेळण्यातला कीबोर्ड. बोक्याने मला हा नाद लावला. बोका म्हणजे या उद्योगातला माझा जोडीदार — पायांचा आवाज न करता येऊन उभा राहतो म्हणून बोका. मागचं झाकण काढायचं, सेलवर चालू ठेवायचा आणि आतल्या सर्किटच्या पाटीवरच्या दोन जागा वायरीने जोडून बघायच्या. बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसतील असे आवाज निघतात! आवडला की मार्करने खूण करायची. एका खुणेवर पाखरू चिवचिवतं. सगळ्यात तळाच्या खुणेवर नुसती घरघर — ट्रक चढ चढतोय तशी. एक छोटा माइकही आहे. त्यात एखादा शब्द बोलून ठेवला की पट्टी दाबल्यावर तोच वाजतो.

एकवीस तारखेला वाचनालयाच्या तळघरात या आवाजांचा आमचा कार्यक्रम. त्यात पाखरू हवंय, घरघर नकोय. सोल्डरचा डाग देऊन वायर कायमची पक्की करायची तेवढी राहिलीय.

९ मार्च

परत! आणि सेलही संपवून ठेवलेत.

दादा कामासाठी बाहेरगावी, म्हणजे दिवसभर घरात वहिनी आणि बाबाच. वहिनीला ही खोली शिवणयंत्रासाठी हवीय, ते मला माहीत आहे. दुसरा संशय बोक्यावर. घराची किल्ली आम्ही कुठे ठेवतो ते त्याला ठाऊक आहे, आणि त्याच्या कीबोर्डमधून पाखरू निघत नाही म्हणून तो जळतो.

बाबांना विचारलं, माझ्या खोलीत कोण येतं? माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं." हल्ली त्यांचं असंच. मागून हाक मारली तर ओ देत नाहीत. शेजारचे भिंत ठोकतात इतका मी आवाज करते, आणि हे पलीकडच्या खुर्चीत खुशाल पेपर वाचतात. रागवा तरी! आपली मुलगी काय करते याची दखलसुद्धा घ्यायची नाही, याचा मला फार त्रास होतो. मला तर वाटतं वहिनीने त्यांना फितवलंय.

११ मार्च

वहिनीला तोंडावर विचारलं. भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली.

"मी हात लावलेला नाही, वन्सं."

वन्सं! एरवी नावाने हाक मारते, चिडली की वन्सं. मग लावला कोणी? तर म्हणे, ते सांगणार नाही, शब्द दिलाय. आता बोला! माझ्याच घरात माझ्यापासून लपवायचे शब्द दिले-घेतले जातायत. मी नको ते बोलले. खोली हवी तर सरळ माग, चोरासारखं कशाला वागतेस, वगैरे. ती रडली. मला वाईट वाटलं. थोडंसंच.

१२ मार्च

बोक्यालाही फोनवर सुनावलं. तो उखडला. "तुझं पाखरू तुलाच लखलाभ." कार्यक्रमाला येणार नाही म्हणतो. बरं झालं. — बरं कसलं!

१३ मार्च

सापळा लावलाय. कीबोर्डवर सगळीकडे अंगाला लावायची पावडर, अगदी पातळ. ज्याच्या अंगावर पांढरं, तो चोर.

१४ मार्च

पावडर पुसली गेलीय. वहिनीचे हात मात्र स्वच्छ. जेवताना दिसलं, बाबांच्या हनुवटीला पांढरं लागलंय. दाढीचा साबण राहिला असेल. बोलले नाही. बोलून काय, "बरं" म्हणतील.

१६ मार्च

कामावर, चष्म्याच्या दुकानात, काच घासता घासता हात थांबला. हनुवटी!

बाबांचं गॅरेज होतं तेव्हा ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे आणि त्याची मूठ हनुवटीला लावायचे. लहानपणी मी विचारलं होतं, हे काय करता? म्हणाले होते, बाहेर गोंगाट असतो, हाडातून नीट ऐकू येतं.

अर्धी रजा टाकून घरी आले. बाबा माझ्या खुर्चीत. क्लिप तळाच्या खुणेवर. हनुवटी कीबोर्डवर टेकलेली, डोळे मिटलेले. एकच पट्टी दाबत होते, सोडत होते, परत दाबत होते. दारातूनच हाक मारली. मग मोठ्याने. मग अक्षरशः ओरडले. मान वळली नाही.

वहिनी मागे येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, आधी एक कान गेला, मग दुसरा. ओठ बघून अंदाजाने "बरं" म्हणतात. तुला कळू द्यायचं नव्हतं त्यांना.

"तिला वाटेल म्हातारा संपला, असं म्हणाले. एवढी घरघर तेवढी जाणवते गं त्यांना."

वहिनीच्या गळ्यात पडून रडले. माफी मागितली. तिने मला नावाने हाक मारली, म्हणाली, असू दे.

१७ मार्च

डाग दिला. तळाच्या खुणेवर. पक्का. बोक्याला फोन करून सॉरी म्हटलं, आणि पाखरू विसर म्हटलं. मग म्हणाला, मी माझा कीबोर्ड उघडून बघतो, पाखरू सापडतंय का.

१८ मार्च

सकाळीच माइकमध्ये एक शब्द बोलून ठेवला. बाबांना बोलावून आणलं, त्यांची हनुवटी कीबोर्डवर टेकवली. ओठ दिसू नयेत म्हणून मी तोंडावर हात धरला, आणि पट्टी दाबली. माझाच आवाज, पण ट्रकसारखा घरघरत — बाबा.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. आणि ओ दिली.