तीन खोकी बिजागऱ्या

प्रिय पलीकडचे,

घरी मी तुम्हाला याच नावाने ओळखते, तेव्हा रागावू नका. अकरा वर्षांत तुम्हाला लिहिलेलं, जावक क्रमांक नसलेलं हे पहिलंच पत्र. बैठकीच्या वेळी तुम्ही घरचा पत्ता दिला होतात, तो आज धीर करून वापरते आहे.

आधी बातमी. या महिन्यात तुमचे-आमचे आकडे जुळले! पंप, शिलाई मशिनी, कुलपं, बिजागऱ्या, सगळं तंतोतंत. तुमच्या देशातून निघालेला कारखान्यांचा माल तुम्ही मोजायचा, आमच्याकडे पोचलेला मी मोजायचा, आणि दोन बेरजा कधी म्हणून जुळायच्या नाहीत, असा आपला संसार. आमचे साहेब खूश आहेत. एरवी शेजाऱ्यांशी व्यापारातली तूट वाढली की त्यांचं पित्त खवळतं, जणू ते सगळे पंप मीच घरी नेऊन ठेवलेत. या वेळीही ती वाढलेलीच आहे, पण निदान किती वाढली यावर दोन्ही देशांचं एकमत झालं, म्हणून त्यांनी अख्ख्या विभागाला चहा पाजला. माझा कप तसाच निवला.

ती बैठक आठवते? तीन दिवस आपण समोरासमोर बसून चारशे शिलाई मशिनी शोधत होतो. तुम्ही म्हणत होतात पाठवल्या, मी म्हणत होते आल्याच नाहीत. शेवटी कळलं की आमच्याकडे त्यांची नोंद सुटे भाग म्हणून झाली होती. तेव्हा तुम्ही इतके मोठ्याने हसलात की दारावरचा शिपाई डोकावून गेला. घरी येऊन मी आईला ती गोष्ट दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा भाजी चिरता चिरता ती म्हणाली, मशिनी राहू देत गं, माणूस कसा आहे ते सांग. मी तिच्या हातातली सुरी घेऊन उरलेली भाजी चिरली. तुम्ही कधी काही विचारलं नाहीत. आपण दोघंही कामापुरतं बोलणारी माणसं.

गेल्या वर्षी आई गेली. माझा तक्ता आठ दिवस उशिरा निघाला आणि साहेबांनी तुमच्या कार्यालयाला कारण कळवलं. तुमचं उत्तर आलं ते नेहमीसारखंच: बिजागऱ्यांच्या तीन खोक्यांचा फरक, खुलासा करावा. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात, आईंचं कळलं, जेवण चुकवू नका. तो कागद मी फाइलला लावलाच नाही, घरी आणला. नोकरीत केलेला हा माझा एकच गुन्हा, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही.

ती तीन खोकी कधी चुकून राहिलेली नाहीत. सात वर्षं दर महिन्याला मी ती मुद्दाम कमी लिहिते. तुम्ही चूक धरता, खुलासा मागता, मी दिलगिरी कळवते, आणि तक्ता छापण्याआधी आकडा नीट होतो. हे सगळं तुमचं पत्र यावं म्हणून. मला दुसऱ्या कोणाचं येत नाही. या महिन्यातही तीन खोकी कमीच लिहिली होती, आणि तुमच्याकडून उत्तर आलं: आकडे मान्य, शेरा नाही. खालची सही वाचता येत नाही. तुम्ही असं डोळे मिटून मान्य करणाऱ्यांतले नव्हेत. म्हणजे त्या खुर्चीवर आता दुसरं कोणीतरी आहे, किंवा तुम्ही आजारी आहात, किंवा सगळं ओळखून तुम्हीच हे थांबवलंत. कार्यालयात चौकशी तरी तुमची कोण म्हणून करू? उद्या चुकीचा तक्ता छापायला जाईल. जाऊ दे. तुम्ही फक्त एवढं लिहून पाठवा, की माझी तीन खोकी चुकली आहेत.

तुमचीच,
अलीकडची