शेजारची खाट

५ फेब्रुवारी
नानांना वैजापूरच्या दवाखान्यातून इथं शहरात हलवलं. मांडीचं ऑपरेशन होऊन महिना उलटला, जखम मिटायचं नाव घेत नाही. डॉक्टरांनी आल्या आल्या पू तपासायला पाठवला. नानांनी आधी चहा मागितला! म्हणजे ठीक असावेत.

८ फेब्रुवारी
शेजारच्या खाटेवर परवा बिरू आलाय. मेंढपाळ, माझ्याच वयाचा. अपेंडिक्स फुटलेलं, पोटाला नळी आहे. बायको बानाबाई मेंढरं कुणाच्या तरी हवाली करायला गावी गेली. मग काय, आमची आई आहेच! नानांची ओली पट्टी नीट करते, पदराला हात पुसते, की निघाली बिरूकडे. नळी धरून त्याला उठवते, पातळ वरण भरवते. म्हणते, "एकल्या माणसाम्होरं आपुन कसं खावं?" छावणीतल्या माझ्या घरून डबा मी आणायचा, पुण्य हिला.

१० फेब्रुवारी
बिरूला हुडहुडी भरून ताप. सिस्टर आज हातमोजे घालूनच त्याच्याजवळ गेल्या.

१३ फेब्रुवारी
बानाबाई परत आली. डॉक्टर तिला सांगत होते — याच्या जंतूवर कुठलंच औषध लागू पडत नाही. ऐकून माझं डोकंच फिरलं. नाना हातभर अंतरावर झोपलेत! ऑफिसात जाऊन मी भांडले. संध्याकाळी बिरूची खाट दाराजवळच्या कोपऱ्यात गेली. बानाबाई गाठोडं उचलून मागोमाग.

आई चिडलीय. "लेकरागत हाये त्यो." असू दे. मला माझे वडील हवेत.

१४ फेब्रुवारी
नानांना ताप नाही. दिवसभर मी त्यांचं कपाळ चाचपत होते.

१६ फेब्रुवारी
नानांचा रखडलेला रिपोर्ट आला. तोच जंतू. मी डॉक्टरांना म्हणाले, बघा, लागला ना शेवटी बिरूचा!

डॉक्टर हळूच म्हणाले, "ताई, हा पू पहिल्या दिवशीचा आहे. तेव्हा बिरू इथं आलाही नव्हता."

नानांचा जंतू जखमेतच राहिलाय, म्हणे. बिरूच्या रक्तात उतरलाय. तिकडं पोचला कसा, हे मी विचारलं नाही. आई समोरच नानांची पट्टी नीट करत होती. मग पदराला हात पुसले. तिला काही सांगितलं नाही. कसं सांगू?

१७ फेब्रुवारी
बिरू पहाटे गेला. बानाबाईनं आईचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. "मी नव्हते तवा ह्याच हातानं घास भरवला व्हता, माय."